पुरतं ऐका, मग न्या

कार्यक्रमाला जाताना काका खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवत. स्वतःसाठी नाही. गर्दीत आपली जागा पकडून झाली की आजूबाजूच्या अनोळखी पोरांना ते एकेक गोळी वाटत. साठी उलटलेला, किरकोळ अंगाचा, कानटोपी घातलेला माणूस हातावर गोळी ठेवतोय म्हटल्यावर पोरं ओशाळून ती घेत आणि तोंडात टाकत.

"तोंडात गोळी असली का मानूस वरडत न्हाई," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "निदान पयली दोन गानी तरी."

ते माझे घरमालक. सावेडीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिले. जवळच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून ते मला मॅडम म्हणत. मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांची सगळी नोकरी भिंगारला सैन्याच्या एका वर्कशॉपात, सिव्हिलियन मेकॅनिक म्हणून झाली. वायरलेस सेट, अँप्लिफायर, लाउडस्पीकर दुरुस्त करायचं काम. आणि छंद एकच. हार्ड रॉक वाजवणाऱ्या बँडचे कार्यक्रम प्रेक्षकांत उभं राहून रेकॉर्ड करायचे. पुणे, मुंबई, एकदा पार बंगळूर. चाळीस वर्षांत त्यांनी किती कार्यक्रम टिपले हे त्यांना विचारलं की ते कपाटाकडे हात करत. कपाट जमिनीपासून छतापर्यंत होतं आणि त्यात जागा नव्हती.

या संगीताशी त्यांची गाठ वर्कशॉपातच पडली. बदली झालेल्या कुणा अधिकाऱ्याचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला होता. आत एक कॅसेट तशीच राहिलेली. दुरुस्ती झाल्यावर तपासायला म्हणून काकांनी ती लावली आणि तीन दिवस तपासतच राहिले. इंग्रजी त्यांना जेमतेम. गाण्यांत काय म्हणतात ते चाळीस वर्षांनंतरही त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. "शब्द कळाय लागले का मानूस शब्दच ऐकतो," असं ते म्हणत.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांचं सगळं वेगळं असे. सकाळपासून दहीभात. तिखट नको, ठसका लागतो. अंगात जुना, शंभरदा धुतलेला सुती शर्ट, कारण नवं कापड खसखसतं. पायांत कॅनव्हासचे बूट. घड्याळ घरी, किल्ल्या घरी, सुटी नाणी घरी. कानटोपीत दोन्ही कानांच्या जागी आतून शेंगदाण्याएवढे दोन माइक शिवलेले. एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं की काका मान हलवत नसत. मान वळली तर ऐकणाऱ्याला सगळं स्टेजच वळल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या वाजवायचा प्रश्नच नव्हता. दोन-अडीच तास ते असे उभे राहत की जणू कुणी त्यांना तिथे ठेवून विसरून गेलंय.

काकूंची याबद्दल एक जुनी तक्रार होती. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा वधूपिता मांडवात कानटोपी घालून ताठ उभा. अक्षता टाकेना, कुणाशी बोलेना. व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं, माणसाला झटका आला. त्यांनी आरडाओरडा करून पाणी मागवलं. "ते सगळं टेपात आहे," काकू सांगायच्या. "मंगलाष्टकं कमी आणि 'अहो, त्यांना बसवा, बसवा' जास्त."

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले, पुण्याला. गेटवरच्या माणसाने भर एप्रिलमधल्या त्या लोकरी टोपीवर बोट ठेवलं. काकांनी शांतपणे सांगितलं, "कानाला वारा सोसत न्हाई." त्यांना आत सोडलं. आत गेल्यावर त्यांनी मैदानाला एक फेरी मारली, आवाज कसा घुमतो ते बघायला दोनदा थांबून टाळी वाजवली आणि एका चांगल्या जाडजूड माणसाच्या मागे उभे राहिले. जाड माणसं उड्या मारत नाहीत, हा त्यांचा अनुभव. मला म्हणाले, "मॅडम, आता माझ्याशी बोलू नका. मी हितं न्हाई असं समजा." परतीच्या एसटीत मी विचारलं, ही चोरी नाही का? त्यांनी पुडीतली उरलेली गोळी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "असंल. पन मी इकत न्हाई."

विकत नसत हे खरं. कुणालाही फुकट देत. अट एकच होती. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकायचं. मधे उठायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. "पुरतं ऐका, मग न्या." दुरून दुरून कॉलेजची पोरं येत, मांडी घालून बसत आणि दोन तासांनी पाय चोळत उठत. काकू चहा आणत तो बरोबर दोन गाण्यांच्या मधे. इतक्या वर्षांत त्यांना प्रत्येक गाणं कुठे संपतं ते पाठ झालं होतं.

एकदा एका इंजिनिअर मुलाने मोठ्या हौसेने काकांचंच एक रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर साफ करून आणलं. लोकांचा गलका, खोकणं, शिट्ट्या सगळं काढून टाकलेलं. काकांनी ते पुरतं ऐकलं, कारण अट त्यांनाही लागू होती. मग पेनड्राइव्ह परत त्याच्या हातात दिला. "चांगलं केलंय तुमी. पन हॉलमदी कुनीच नव्हतं असं वाटतंय. मंग मी कुठं हुतो?"

आता मुख्य गोष्ट सांगते. ती माझ्याही वागण्याची आहे.

नगरच्याच चार मुलांचा एक बँड होता. मराठीत गायचे, पण वाजवणं अस्सल हार्ड रॉक. त्यांतला गाणारा माझा जुना विद्यार्थी, मी काकांकडे राहायला येण्याआधीचा. नववीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून डेस्कवर ताल धरायचा आणि रोज बोलणी खायचा. गिटार वाजवणारा पुणतांब्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, शिकायला नगरला आलेला. घरी आणि मित्रांत त्याला पिंट्या म्हणत. या दोघांची दोस्ती अशी की एकाचं जेवण झालं की दुसऱ्याला ढेकर यावा.

एका संध्याकाळी इथल्याच एका मैदानावर त्यांचा कार्यक्रम झाला. काका अर्थातच गेले. मी गेले नाही, माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. दुसऱ्या दिवशी काकांनी मला खाली बोलावून सतरंजीवर बसवलं. मला त्या संगीतातलं फारसं कळत नाही, पण शेवटून दुसऱ्या गाण्यात काहीतरी घडलं ते मलाही कळलं. गिटार ऐन भरात असताना एकदम थांबली. ड्रम तसेच चालू. मग माइकवरून गाणाऱ्याचा आवाज आला, "पिंट्या, झोपला का रे? वाजव की!" आणि पुढे आईवरून एक घाणेरडी शिवी. सगळं मैदान हसलं. क्षणभर काहीच नाही. मग गिटार पुन्हा सुरू झाली आणि जी सुरू झाली ती अशी, की मी हातातला चहा खाली ठेवला.

"ऐकलं?" काका म्हणाले. एवढंच. ऐकून झाल्यावर त्यांनी मला त्याची प्रत दिली.

चार महिन्यांनी तापाचं निमित्त झालं आणि पिंट्या आठ दिवसांत गेला. बँड तिथेच थांबला.

त्यांची स्टुडिओत केलेली दोनच गाणी होती. मोबाईलवर काढलेल्या तुकड्यांत आवाज फाटलेला. पिंट्याची गिटार पूर्ण कार्यक्रमभर नीट ऐकू येईल असं जगात एकच रेकॉर्डिंग होतं, आणि ते काकांच्या कपाटात. गाणारा मुलगा काकांकडे आला. त्याला ते पिंट्याच्या नावाने सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायचं होतं.

"न्या की," काका म्हणाले. "बसा. पुरतं ऐका, मग न्या."

तो बसला. त्या शिवीपाशी आला आणि उठून बाहेर गेला. आठवड्याने पुन्हा आला, पुन्हा त्याच जागी उठला. तिसऱ्यांदा आला तो बसलाच नाही. दारातूनच म्हणाला, "काका, तेवढं कापून द्या ना. त्याची आई ऐकणार आहे हे. तिच्यावरनं शिवी दिलीय मी."

"कापून न्हाई देत मी."

"एकवीस सेकंद आहेत फक्त."

"ते काढल्यावर फुडचं वाजवनं कुठनं आलं ते कळंल का कुनाला?"

"नाही कळलं तर काय बिघडलं?"

काका सतरंजीची घडी घालू लागले. मुलगा तसाच जिना चढून वर माझ्याकडे आला. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून रडला. सत्तावीस वर्षांचा बाप्या. कार्यक्रमानंतर रागाच्या भरात तो पिंट्याला न भेटताच निघून गेला होता. पुढे फोनवर सगळं नीट झालं, पण त्या संध्याकाळबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. "बाई, त्या माउलीने मला स्वतःच्या हाताने जेवायला घातलंय," तो म्हणाला. मी कपाटातून माझी प्रत काढली आणि त्याला दिली.

पंधरा दिवसांत ते इंटरनेटवर आलं. एकवीस सेकंद कापलेले. जोड इतका सफाईदार की कळतसुद्धा नव्हतं. त्याने ते पुणतांब्याला पिंट्याच्या आईलाही मोबाईलवर पाठवलं.

काकांना इंटरनेटशी देणंघेणं नव्हतं, पण सतरंजीवर येऊन बसणाऱ्या कुणीतरी त्यांना ऐकवलंच. त्या दिवशी ते जिना चढून वर आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. दारातच थांबले.

"मॅडम, तुमी दिली का प्रत?"

"हो."

"त्यानं पुरतं ऐकलं हुतं का?"

"नाही."

त्यांनी मान डोलावली आणि खाली गेले. मला वाटलं होतं बोलतील, ओरडतील, खोल्या सोडायला सांगतील. तसं काही झालं नाही. पुढचे आठ दिवस ते समोर आल्यावर नेहमीसारखं "शाळा काय म्हनती?" विचारत आणि मी उत्तर द्यायच्या आत निघून जात. ते मला जास्त लागलं.

नवव्या दिवशी म्हणाले, "रविवारी मोकळ्या हायेत का? पुनतांब्याला जायचंय. स्पीकर जड हाय, मला एकट्याला न्यायचा न्हाई."

"पुणतांब्याला कशाला?"

"त्या पोराच्या आईला पुरतं ऐकवायचंय. एकवीस सेकंद कमी ऐकलंय त्यांनी."

मी गेले, ते त्यांना थांबवायचं म्हणून. रेल्वेत दोघांच्या मधे कापडी पिशवीत स्पीकर. वांबोरीपासून राहुरीपर्यंत मी बोलत होते. मुलगा जाऊन वर्ष झालं नाही, त्या बाईला काय वाटेल? त्या गाणाऱ्या मुलाकडे ती पुन्हा कधी नीट बघेल का? काका सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई त्यांना काय वाटंल ते. तुमाला बी ठाऊक न्हाई. त्याला बी न्हाई. तिघांनी मिळून त्यांच्याबद्दल ठरवून टाकलंय." बेलापूर स्टेशनात गाडी थांबली तेव्हा स्पीकर घेऊन उतरून जावं असं माझ्या मनात आलं. उतरले नाही.

पिंट्याचं घर गावाबाहेर, पेरूच्या बागेत. आई एकटीच होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पदर. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने ओट्यावर घोंगडी अंथरली आणि ताटलीत पेरू कापून मीठ-तिखट लावून पुढे ठेवले. काकांनी स्पीकर मांडला.

"ताई, हे तुमी ऐकलंय. पन त्यातलं थोडं राह्यलंय. पयल्यापासनं लावतो."

"लावा की."

ती गुडघे जवळ घेऊन बसली. त्या धडाडत्या आवाजाने बागेतले पोपट उडाले. ती मात्र हलली नाही. एकेका गाण्यानंतर नुसती मान हलवायची. मी पेरूची फोड हातात तशीच धरून बसले होते. ते गाणं आलं. गिटार थांबली. "पिंट्या, झोपला का रे? वाजव की!" आणि ती शिवी, उघड्या ओट्यावर, भर दुपारी.

पिंट्याच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"बंद करा जरा," ती म्हणाली. काकांनी लगेच बंद केलं. "आवं, ही तवाची हाय व्हय! मी हुते की तिथं."

"तुमी?" काका म्हणाले.

"मी गेल्ते त्याचं वाजवनं बघाया. त्याला न सांगता. एष्टीला उशीर झाला, मैदान सापडंना. एका फाटकात जाऊन हुबी राह्यले तर समदी पोरंपोरंच, दिवे, ह्यो दनदनाट. म्हनलं ही काय ती जागा न्हवं, मागं फिरले. तेवढ्यात वाजायचं थांबलं आन भोंग्यातनं आवाज आला, पिंट्या! आन माझ्या नावानं शिवी." ती पुन्हा हसली. "म्हनलं हीच जागा. आले मंग आत."

काका स्पीकर सोडून तिच्याकडे वळले.

"त्यानं वरनं मला बघितलं हुतं फाटकात. मी मागं फिरले तसा त्याचा हातच थांबला म्हनं. मला नंतर म्हनला, आई, तू निघून जाती का काय म्हनून मी थांबलो. म्या आत आलेली बघितली आन मंग असा वाजवला, असा वाजवला..." तिने हाताने काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "त्यो दुसरा तर रुसून निघून गेलेला, मी त्याला दिसलेच न्हाई. पिंट्या म्हनला, आई, तू आल्तीस ते त्याला कदी सांगू नगंस. तू शिवी ऐकली कळलं तर लाजून मरंल त्यो. मी न्हाई सांगितलं अजून."

मग तिने डोळे पुसले. "लावा आता. तिथनंच लावा, त्यो वाजवाय लागतो तिथनं."

काकांनी लावलं. पार शेवटच्या गाण्यापर्यंत.

परतताना स्टेशनवर मी फोन काढला. मला त्या मुलाला तिथल्या तिथे सगळं सांगायचं होतं. काकांनी हाताने नको म्हटलं. "तुमी सांगू नका. त्यांच्या घरातली गोष्ट हाय, त्या सांगतील. त्याला फकस्त म्हना, आईनं पुरतं ऐकलंय, जाऊन ये."

मी तेवढंच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "जातो, बाई." मग फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी तो पुणतांब्याला गेला आणि तिथून थेट आमच्याकडे आला. काका बाजारात गेले होते. त्याने मला जे सांगितलं ते असं. तिने त्याला आधी जेवू घातलं, मग सगळं सांगितलं. तो पायावर डोकं ठेवायला वाकला तर तिने दंडाला धरून उभं केलं. म्हणाली, "तवा कसा वरडला हुतास, तसा एकदा वरड की."

तो म्हणाला, जमणार नाही.

"तुझ्यासारखी हाक त्याला कुनी मारीत न्हाई आता. वरड."

तो अंगणात उभा राहिला. दोनदा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्या वेळी पोटातून ओरडला, "पिंट्या! झोपला का रे? वाजव की!" आणि शिवीसुद्धा, पूर्ण. बागेपलीकडच्या शेतात पाणी धरणारा माणूस वळून बघायला लागला. पिंट्याची आई चौकटीला टेकून उभी होती. डोळे मिटलेले. "व्हय," ती म्हणाली, "अशीच."

त्याच दिवशी त्याने कापलेलं काढून टाकलं आणि माझ्या प्रतीतलं पूर्ण रेकॉर्डिंग जसंच्या तसं चढवलं. त्याखाली लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, कुणी नावं ठेवली. त्याने कुणालाही खुलासा दिला नाही.

काका बाजारातून आले तेव्हा तो गेला होता. ते पायरीवर बसून पिशवीतली मेथी वेगळी करत होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, अंगण, हाक, शेतातला माणूस, मिटलेले डोळे. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. त्यांचे हात थांबले होते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, पुरतं.

"मोकळ्या जागेत वरडला म्हनता," ते म्हणाले. "आन बाजूला बाग. चांगला आला असंल आवाज."

"हो," मी म्हणाले.

"कुनी रेकॉर्ड केलं का?"

"नाही, काका."

"अरेरे," ते म्हणाले. मग ते पुन्हा मेथी वेगळी करू लागले.